पालथा टोप

कळंबोलीला आमच्या खोलीचं दार उघडलं की समोर ट्रक. सकाळी ट्रक, दुपारी ट्रक, आणि दिवस मावळताना त्याच ट्रकच्या चाकाला टेकून कोणी ड्रायव्हर स्टोव्हवर भाजी परतत बसलेला. लोखंडाचा बाजार नुकता बसत होता. माझा नवरा तिथं माथाडी टोळीत होता. सळया, पत्रे, चॅनल उतरवायचं काम. आम्ही परभणीकडचे. टोळीत आमच्या गावचा एक जण आधीपासून होता, त्याच्या ओळखीनं आलो आणि राहिलो. ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. नक्की साल विचाराल तर मुलगी तीन वर्षांची होती, असंच मी मोजते.

शिक्षण माझं चौथी. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला, मधे ओढा, एकट्या मुलीला कोण धाडणार, म्हणून तिथंच थांबलं. जोडाक्षर आलं की अजूनही माझी जीभ अडते. हे आधीच सांगते, कारण पुढं लोक मला मास्तरीण म्हणायला लागले आणि तेव्हा प्रत्येक वेळी मी विषय बदलायची.

आमच्या खोल्यांच्या रांगेतल्या बायका बांधकामावर जायच्या. पोरं मागं राहायची. माती टाकून उंच केलेल्या त्या उघड्या भरावावर झाड नव्हतं, सावली म्हणजे ट्रकची. पोरं ट्रकखाली खेळायची आणि तिथंच झोपायची. एका दुपारी ट्रक मागं घेताना एका पोराच्या पायावरनं चाक गेलं. पोरगं वाचलं, पाय आखूड राहिला. त्यानंतर पनवेलच्या एका संस्थेच्या ताई आल्या, आणि पूर्वी सिमेंट ठेवायला बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बालवाडी सुरू झाली. शेड माझ्या खोलीला लागून. ताईंनी मला विचारलं, मदतनीस होशील का. दाखला मागितला नाही, किती शिकलीस विचारलं नाही. पोरांचे हात धुवायचे, सुकडीचा सरकारी खाऊ वाटायचा, झाडून काढायचं. परमुलखात मला पहिल्यांदा कोणीतरी कामाचं समजलं होतं. त्या बाईचे उपकार मी विसरू शकत नाही.

शिकवायला पनवेलहून एक बाई बसनं यायच्या. गोड गळा, स्वच्छ उच्चार. वर्षभर छान चाललं. मग वरून पैसे येईनात. आधी सुकडीची पोती थांबली. ताई म्हणाल्या, येतील, कागद अडकलाय. मग बाईंचं मानधन थांबलं. बिचाऱ्या काही दिवस पदरच्या पैशांनी बसनं येत राहिल्या. त्यांना पेणला शाळेत नोकरी लागली तेव्हा जाताना मला म्हणाल्या, थोडे दिवस सांभाळ, दुसरी कोणी येईल. दुसरी आली नाही.

मी सांभाळत राहिले, त्यात मोठेपणा काही नव्हता. शेड बंद झाली असती तर पोरं परत ट्रकखाली गेली असती, आणि त्यात माझी मुलगी असती. एवढंच कारण. सकाळी दार उघडायचं, सतरंजी टाकायची आणि मला येतं ते शिकवायचं. मला येत होतं थोडं. अक्षरं मी बाईंच्या तक्त्यावरून गिरवून घ्यायची, आणि तक्त्यातला जोडाक्षरांचा भाग आला की गाणी सुरू करायची. कोणी बाहेरून ऐकत तर नाही ना, म्हणून अर्धं लक्ष दाराकडं. पण दहा वाजले की पोरं रडायला लागायची. त्याला गाणं पुरत नाही.

भरावाच्या पलीकडं खाडीच्या अंगाला आगऱ्यांचं जुनं गाव होतं. तिथली एक म्हातारी सुका जवळा आणि बोंबील घेऊन आमच्या रांगेत विकायला यायची. हातात जाड पाटल्या, तोंडात तंबाखू. बोलणं असं की पहिल्या पहिल्यांदा मला निम्मं कळायचं. एकदा शेडच्या दारात टोपली उतरवून ती बघत उभी राहिली.

"पोरां कनाला ररतान?" तिनं विचारलं. म्हणजे पोरं कशाला रडतात.

मी सांगितलं, सरकारकडून खाऊ येत होता, तो बंद झालाय.

"सरकारनं आमचे जमिनी पन घेतल्या," ती म्हणाली. "दिलं काय, तं यो भराव." मग टोपली डोक्यावर घेऊन चालायला लागली. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी तिची सून डोक्यावर भला मोठा टोप घेऊन आली. आम्ही पातेलं म्हणतो, ते इकडं टोप. आत गरम तांदळाची पेज, मीठ घातलेली, वर सुक्या मासळीचा एक तुकडा. पोरांनी टोप चाटून पुसून काढला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरचा टोप आला, मग तिसऱ्या. मी म्हातारीला विचारलं, हे ठरवलं कोणी. तिनं सांगितलं ते असं, की पूर्वी खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध होता. उधाणाच्या दिवसांत प्रत्येक घराला त्या बांधाची राखण करायची पाळी असायची. आज या घरचा माणूस, उद्या त्या घरचा. कोणाची पाळी कधी, हे लहान पोरालाही पाठ. आता शेतं भरावाखाली गेली.

"बांध नाय," ती म्हणाली. "पाली हाय. बसून हाय ती पाली, तिला काम नको?" पाली म्हणजे पाळी.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ज्यांच्या शेतावर आपल्या खोल्या उभ्या आहेत, त्यांनीच आपल्या पोरांना पेज घालायची. मलाही ते बरोबर वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. ज्यांनी द्यायला हवं ते वेगळेच होते. पण पोरांचं रडणं थांबलं होतं, आणि मी उपकाराखाली इतकी वाकले होते की बरोबर-चूक बोलायला तोंड नव्हतं.

माझ्या हातात एकच गोष्ट होती, टोप परत करणं. ती मी जीव लावून करायची. राखेनं घासून टोप असा करायचा की त्यात तोंड दिसावं. मुलीला कडेवर घेऊन संध्याकाळी गावात जायचं. ओट्यावर चढायचं नाही. टोप पायरीवर पालथा ठेवायचा, दोन पावलं मागं सरायचं, हाक मारायची आणि कोणी बाहेर यायच्या आत निघायचं.

हे मला कोणी इथं शिकवलं नव्हतं. आम्ही बौद्ध. आमच्या गावात वरच्या आळीतलं भांडं कधी आमच्याकडं आलंच तर ते असंच परत जायचं. कोरडं, रिकामं, पालथं. आतनं बाई यायची, लांबूनच तांब्यानं पाणी टाकायची आणि मग भांडं उचलायची. आई सांगायची, पालथं ठेवलं म्हणजे आत काही नाही हे लांबूनच दिसतं, कोणाला शंका यायला जागा नाही. माझ्या दृष्टीनं ती अदब होती. इतक्या लांब येऊनही मी ती कोणी न मागता पाळत होते.

काही आठवड्यांनी एक पाळी चुकली. मला वाटलं, घरात कोणी आजारी असेल. मग लागोपाठ चुकायला लागल्या. मधेच एखादा टोप यायचा, तोही अर्धा, आणणारी सून न बोलता ठेवून जायची. म्हातारीनंसुद्धा आमच्या रांगेत यायचं सोडलं.

"कळलं असंल," नवरा म्हणाला.

आधीपासून मला तेच वाटत होतं. कधीतरी कळणारच, आणि कळलं की असं होणारच. खरं सांगायचं तर रडूही आलं नाही. ओळखीचंच दुःख होतं ते, नवीन काही नव्हतं.

त्याच सुमाराला ताई आल्या. चेहरा उतरलेला. पैसे अजून आले नव्हते, कधी येतील ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे शेड ज्यांची होती त्यांनी ती परत मागितली होती, पुन्हा सिमेंट ठेवायला. सोमवारी त्यांचे एक साहेब बघायला येणार होते. ताईंचं म्हणणं, पोरं इथं खरंच बसतात, खातात, आणि आसपासचे लोक हातभार लावतात, एवढं साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं तर शेड राहील. रिकामी पोटं आणि चौथी शिकलेली मी, एवढंच दिसलं तर जाईल. चौथीचं त्या बोलल्या नाहीत, ते माझं मीच जोडलं. त्या म्हणाल्या, "गावातून पेज येते म्हणालीस ना? मग झालं." मी मान हलवली. पेज थांबलीय हे सांगायचं धाडस झालं नाही.

त्या गेल्यावर मी शेडच्या दारात उभी राहिले. समोर एक ट्रेलर मागं येत होता, क्लीनर मागच्या पत्र्यावर थापा मारत होता. आखूड पायाचं ते पोरगं माझ्या मागं सतरंजीवर बसून मणी ओवत होतं. मी मुलीला उचललं आणि गावाची वाट धरली.

म्हातारी रस्त्याच्या कडेला जवळा वाळत घालत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आलीस क? मना वाटलं तुमचे पोरांची पोटां भरली."

मी म्हटलं, माझं काही चुकलं असेल तर सांगा, पोरांवर राग काढू नका.

तिनं हातातला जवळा खाली टाकला. "टोप पालथा घालून जातंस, आमचे दारान. कोन मेलाय आमचे घरान? रिकामा टोप कोन परत देतं? मीठ तरी घालाचं, चिमूटभर. गावान सगल्या बायका बोलतान, तिला आमचं नको जालंय, म्हनून पालथा घालून तोंड लपवून पलते."

मला आधी कळेनाच. मग कळलं, इथं पालथा टोप म्हणजे मयताचं घर, आणि रिकामा परत केला म्हणजे संबंध तोडला. ज्या गोष्टीनं मी त्यांचा मान राखत होते, तिनंच मी त्यांच्या तोंडावर दार लावत होते. आणि त्यांना काय सांगणार? सांगायला गेलं तर सगळंच सांगायला लागणार होतं. तरी बोलले.

"आमच्या घरचं शिजवलेलं तुम्ही खाल का? आम्ही बौद्ध आहोत."

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली.

पुन्हा जवळा पसरायला लागली. खोटं बोलायचं की खरं, याचा ती विचार करत असावी, असं मला तेव्हा वाटलं.

"मी खाईन," शेवटी ती म्हणाली. "दुसऱ्यांचा मी कशी सांगू? कोन खाल, कोन कोंबऱ्यांना टाकल. तो त्यांचा त्यांनी बघावा. तू रिकामी येव नको."

तिनं सगळं गाव चांगलं आहे असं सांगितलं असतं, तर मला धीर आला असता की नाही कोण जाणे. हे ऐकून मात्र आला.

घरी नवरा म्हणाला, कोरडे दाणे दे. कोरड्याला कोणी नाव ठेवत नाही, तुलाही अपमान नको. बरोबरच होतं त्याचं. आमच्या गावाकडं तसंच चालतं. गावाहून आलेली ज्वारी पोत्याच्या तळाशी थोडी उरली होती. मी वाटीनं मोजायलाही बसले. मोजता मोजता वाटलं, हे कोरडे दाणे म्हणजे तोच पालथा टोप. आत माझ्या हातचं काही नाही, शंका घ्यायला जागा नाही. वाटी ठेवली आणि ज्वारी दळायला नेली.

रविवारी सकाळी धपाटी केली. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण, मिरची, हात सैल सोडून तीळ. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर. पहिली दोन फाटली. बाकीची पातेल्यात रचून, वर फडकं टाकून मी गावात गेले.

म्हातारी बरोबर आली. आळीच्या तोंडाशीच तिनं पातेल्यात हात घालून एक धपाटं काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं रस्त्याच्या मधोमध उभं राहून खाल्लं. "करक हाय," म्हणाली, म्हणजे कडक आहे, आणि दुसऱ्याला हात घातला.

मग घर-घर. या वेळी मी पळाले नाही, बाई बाहेर येईपर्यंत थांबले. एकीनं ताट पुढं केलं. एकीनं पदरात घेतलं. एक जण सासूकडं बघत राहिली आणि सासूनं मान हलवल्यावर तिनं घेतलं. शेवटाकडच्या घरची बाई उंच, हाडापेरानं मोठी, तिनं हातच पुढं केला नाही. "ठेव तिथं," म्हणाली, ओट्याकडं बोट करून. मी ओट्यावर ठेवलं. वळून चार पावलं गेले नाही तो मागं कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. म्हातारीनंही ऐकला. ती तशीच पुढच्या दाराकडं चालली.

सोमवारी ताई आणि साहेब सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले. साहेब पत्र्याकडं बघत होते, खांब मोजत होते. पोरांना मी गाण्यात गुंतवलं होतं. गाणं संपत आलं तशी माझी नजर दारातून भरावाकडं. कोणी दिसेना. ताईंनी एकदा घड्याळाकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. एक पोर रडायला लागलं. मी तेच गाणं परत सुरू केलं. साहेब म्हणाले, बरं, आणि निघायला वळले.

तेव्हा भरावावरून ती येताना दिसली. उंच, डोक्यावर टोप. कोंबड्यांच्या घरची. तिनं टोप उतरवला, पदरानं घाम पुसला.

मी काहीतरी आभाराचं बोलायला गेले असेन. "पाली माझी हाय आज," ती म्हणाली. "दुसरी कोन येनार?"

साहेबांनी विचारलं, हे कोणाकडून येतं. तिनं त्यांच्याकडं खालून वर बघितलं आणि म्हणाली, "गावाकरून." आणि पोरांना वाढायला बसली. साहेब पेज खाणाऱ्या पोरांकडं जरा वेळ बघत राहिले. शेड राहिली.

त्या संध्याकाळी तिचा टोप मी घासला, आणि पुन्हा माझ्यासमोर प्रश्न उभा राहिला. काय घालू? धपाटी कुठं जातात हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक असणार. मी दोन धपाटी घातली. टोप सरळ ठेवला, हाक मारली, थांबले. तिनं टोप घेतला, आत बघितलं, आणि आत गेली. कोंबड्यांचा आवाज या वेळी मी आळीच्या बाहेर पडेपर्यंत तरी आला नाही.

पाळ्या पुन्हा सुरू झाल्या, सगळ्या नाही. ज्या सुनेनं पदरात घेतलं होतं ती पुढं दोनदा चुकली, तिसऱ्यांदा आली आणि सासऱ्याला दात नाहीत तरी तो तिळासाठी धपाटं चघळत बसतो, अजून आहेत का, असं विचारून गेली. खाणारी घरं चुकायची, विसरायची, माफी मागायची. कोंबड्यांच्या घरची पाळी मात्र कधी चुकली नाही. उधाणात बांधावर उभं राहावं तशी ती यायची. मी पुष्कळ विचार केला त्याचा. माझ्या हातचं न खाणारी माझ्या पोरांना उपाशी ठेवत नव्हती, याचं काय करायचं ते मला समजत नव्हतं. राग धरावा तर टोप समोर. विसरावं तर तेही होत नव्हतं. मी आपली दर पाळीला धपाटी घालत राहिले. ज्वारी संपली तेव्हा तांदळाची केली, ती नीट जमत नाहीत.

पुढच्या वर्षी कागद सुटला. सुकडी आली, शिकलेल्या बाई आल्या. मला मदतनीस म्हणून ठेवलं, ते ताईंमुळं. पाळी बंद करा असं कोणी कोणाला सांगितलं नाही. शेडसमोर सुकडीची पोती उतरताना गावातल्या बायकांनी पाहिली आणि टोप यायचे थांबले.

शेवटचा टोप त्या उंच बाईचाच होता. पेजेच्या वर झाकणात उकडलेली अंडी होती, सगळ्या पोरांना अर्धं अर्धं पुरतील एवढी. आखूड पायाच्या पोराला तिनं स्वतः सोलून दिलं. मी बघत होते. तिनं माझ्या हातावर एक अख्खं अंडं ठेवलं.

"खा," ती म्हणाली. "तुझेच भाकऱ्यांवर वारल्यात कोंबऱ्या." म्हणजे तुझ्याच भाकऱ्यांवर वाढल्यात.

तिच्या चेहऱ्यावर हसू होतं का, मी नीट पाहिलं नाही. मला हसू आलं आणि ते थांबेना. मी तिथंच दारात उभी राहून, समोरचे ट्रक बघत, ते अंडं खाल्लं. मीठ नव्हतं. संध्याकाळी टोप परत केला तेव्हा त्यात धपाट्यांबरोबर मिठाची पुडीही ठेवली.